ठाण्याहून कच्छ : स्वतःची गाडी, स्वतःचा तंबू आणि रणाच्या कडेकडेने

रिसॉर्टचं पॅकेज न घेता, स्वतःची गाडी आणि तंबू घेऊन कच्छ फिरायचं असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. आपल्या ठाणे-नवी मुंबईतून गाडीने एका दमात नाही पण दीड दिवसात आरामात गाठता येईल असं खरंखुरं वाळवंट हे एकच. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला कच्छचं आखात, उत्तरेला मोठं रण आणि पूर्वेला छोटं रण, पावसाळ्यात रण पाण्याने भरलं की जवळजवळ बेटच होतं. आणि आकार म्हणाल तर ४५,६७४ चौरस किलोमीटर, देशातला सगळ्यात मोठा जिल्हा, आपला आत्ताचा ठाणे जिल्हा त्यात दहा वेळा बसेल. त्यामुळे चार दिवसात "सगळं कच्छ" करू असं ठरवून निघू नका, एक बाजू धरा आणि ती नीट बघा.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की पांढऱ्या रणात गाडी घालून गोल गोल फिरवणं म्हणजे कच्छचं ऑफरोडिंग नव्हे. मोठ्या रणाचा बराच भाग कच्छ वाळवंट अभयारण्यात येतो, साडेसात हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे ते, आणि छोटं रण म्हणजे रानगाढवांचं अभयारण्य, १९७३ पासूनचं, जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटर. दोन्हीकडे वन खात्याचे नियम लागतात, छोट्या रणात बजाणा किंवा ध्रांगध्राच्या बाजूने परमिट काढूनच आत जायचं आणि आत मनाने तंबू टाकायचा नाही. धोरडोचं पांढरं रण बघायलाही परमिट लागतं आणि तिथे रात्री मुक्काम नाही. मग गाडी चालवायची कुठे? तर गावागावांना जोडणाऱ्या कच्च्या गाडवाटा, बन्नीच्या गवताळ पट्ट्यातल्या मालधारींच्या, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांच्या, वाटा, नखत्राणा तालुक्यातली कोरडी नदीपात्रं आणि अबडासाची किनारपट्टी. हे इतकं आहे की जन्मभर पुरेल, आणि खरं सांगायचं तर कच्छ कळतं ते या वाटांवरच.

सीझन म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन येऊ असा मोह सगळ्यांना होतो पण पाऊस जास्त झालेल्या वर्षी दिवाळीत रण ओलंच असतं, बाजूच्या वाटाही ओल्या असतात, आणि वरून ऊनही चटका देतं. मार्चनंतर तंबूत झोपायचा विषयच सोडा.

आता जमीन. हा भाग नीट वाचा कारण बाकी सगळं सामान विकत मिळतं, जमीन ओळखायची नजर मिळत नाही. रणाच्या कडेची जमीन वरून सुकलेली दिसते, पांढरा किंवा राखाडी पापुद्रा असतो, त्याला भेगा पडलेल्या असतात, चालत गेलात तर पायाखाली कुरकुर वाजतं आणि वाटतं की काय कडक जमीन आहे. पण त्या पापुद्र्याखाली काळपट चिकट गाळ असतो जो कित्येक महिने सुकतच नाही, कारण वरचा मिठाचा थर झाकणासारखा बसलेला असतो. माणसाचं वजन तो थर पेलतो, दीड टनाची गाडी नाही पेलत. म्हणून जिथे शंका येईल तिथे गाडी थांबवायची, उतरायचं, जॅकची टॉमी, म्हणजे लोखंडी दांडी, घ्यायची आणि जमिनीत सरळ दाबायची. जोर लावूनही दोन बोटांपलीकडे जात नसेल तर ठीक. सहज चार बोटं आत गेली आणि बाहेर काढल्यावर टोकाला काळा गाळ लागलेला दिसला तर तिथूनच गाडी वळवायची, वळवायची म्हणजे रिव्हर्समध्ये आपल्याच चाकोरीतून मागे यायचं, कारण वळवायला बाजूला गेलात तर बाजूची जमीन कशी आहे ते तुम्हाला माहीत नाही.

रंगावरूनही बरंच कळतं. आजूबाजूपेक्षा गडद पट्टा म्हणजे ओल. गवताचे झुपके किंवा झुडपं असतील तर जमीन जरा उंच आणि बरी. गुरांच्या खुरांचे ठसे बघा, उथळ आणि कडा तुटलेल्या असतील तर कोरडं, खोल आणि कडा गुळगुळीत असतील तर ओलं. आणि ट्रॅक्टरच्या चाकोरीवर आंधळा विश्वास नको, ट्रॅक्टरचं मोठं चाक जिथून जातं तिथून आपली गाडी जाईलच असं नाही, शिवाय ती चाकोरी कालची आहे की मे महिन्यातली ते बघा, ताज्या चाकोरीत टायरची नक्षी स्पष्ट उमटलेली असते.

दुपारी रणाच्या बाजूला मृगजळ इतकं जबरदस्त असतं की समोर पाणी आहे का, ते झाड आहे की उंट आहे, लांब आहे की जवळ, काहीच धड कळत नाही. त्यामुळे अनोळखी वाट सकाळी शोधायची, दुपारी नाही, आणि अंधारात तर अजिबात नाही. बन्नीत रात्री हलणारे दिवे दिसतात असं तिथले लोक सांगतात, छिर बत्ती म्हणतात त्याला, दिव्याच्या मागे गेलेला माणूस वाट चुकतो असंही सांगतात. दिवे काय असतील ते असोत, सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर आहे, रात्री कुठल्याही लांबच्या दिव्याच्या रोखाने गाडी घालायची नाही. फोनमध्ये ऑफलाइन मॅप घरूनच डाउनलोड करा आणि जाताना ट्रॅक रेकॉर्ड करत जा म्हणजे परतताना तीच वाट धरता येते.

गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी असावी, थार, जिमनी, गुरखा, जुनी जिप्सी काहीही चालेल. थारमध्ये रिअर व्हील ड्राइव्हवालं मॉडेलही येतं, ते घेऊन मित्र "थार आहे की" म्हणत निघाला असेल तर त्याला किनाऱ्याच्या वाळूत पुढे पाठवू नका. वाळूसाठी टायरची हवा कमी करायची, रस्त्यावर ३२ च्या आसपास असेल तर १८ ते २० पीएसआयवर आणा, टायर लांबट पसरतो आणि वजन वाटलं जातं. १५ च्या खाली नको, टायर रिममधून निसटतो. हवा कमी असताना वेग तीसच्या आत आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवायचं नाही, आणि डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरायची मग पुढे. त्यासाठी कॉम्प्रेसर लागतो, तो डायरेक्ट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या, लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर चार मोठे टायर भरेपर्यंत तापून बंद पडतात. सैल वाळूत ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक सिस्टीम, बंद करा नाहीतर चाक फिरलं की ती सिस्टीम पॉवर कापते आणि नेमकी नको तिथे गाडी उभी राहते.

रुतली तर? पहिलं काम, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. जितकं रेटाल तितकं चाक खड्डा खणतं आणि चासी जमिनीवर टेकते. उतरा, फावड्याने चाकांच्या मागची वाळू उतार देऊन काढा, चासीखालची पण काढा, हवा अजून दोन-तीन पीएसआय उतरवा, ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या, चाकाला भिडवून ठेवा आणि फोर लोमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या सगळ्यात हळू आणि ताकदीच्या गिअरमध्ये, हळूच रिव्हर्स. जॅक लावायचा असेल तर खाली लाकडी फळी हवीच, साधारण दीड फूट बाय एक फूट, जाड प्लायची, नाहीतर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो. ही फळी गाडीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सामान आहे.

गाळात रुतली तर प्रकार वेगळा, तिथे गाळ गाडीला खालून चिकटून धरतो, बोर्ड घसरतात. तिथे दुसऱ्या गाडीनेच ओढायचं आणि दुसरी गाडी कडक जमिनीवरच थांबवायची, मदतीला म्हणून जवळ आणलीत तर दोन्ही अडकतील. म्हणून दोर लांब हवा, २० मीटरचा एक आणि वर जोडायला एक. शॅकल, म्हणजे दोर अडकवायची लोखंडी कडी, मजबूत हवी, ४.७५ टन असा छाप असलेली पाऊण इंची बो शॅकल येते ती घ्या, आणि दोर गाडीच्या टो हुकला किंवा चासीच्या रिकव्हरी पॉइंटलाच, टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीच नाही, बॉल तुटला तर गोळीसारखा येतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत. ताणलेल्या दोरावर मध्यावर जाड ब्लँकेट टाका, बाकी सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा, मुलं असतील तर त्यांना आणखी लांब. हे सामान कळंबोलीच्या बाजारात ट्रक-क्रेनवाल्यांच्या दुकानात ऑनलाइनपेक्षा बरं मिळतं, हातात घेऊन वजन बघता येतं. ताडपत्री, कॅन, दोऱ्या जांभळी नाक्यावर.

आणि एकटी गाडी नको. दोन तरी हव्यातच.

पंक्चरचं वेगळं सांगते कारण कच्छमध्ये खरा त्रास वाळूचा नाही, काट्यांचा आहे. बन्नीत आणि नखत्राण्याकडे सगळीकडे गांडो बावळ पसरलाय, आपल्याकडे त्याला वेडी बाभूळ म्हणतात. त्याचा काटा सरळ, कडक, सुकला की खिळा, चपलेच्या सोलमधून आरपार येतो. वाटेच्या दोन्ही बाजूंनी फांद्या आत आलेल्या असतात आणि काटा टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतो. तळाला गेलेलं पंक्चर स्ट्रिप किटने जागेवर काढता येतं, साइडवॉलचं स्ट्रिपने नीट बसत नाही, म्हणून एका स्टेपनीवर विसंबू नका, दुसरी न्या किंवा निदान मापाची ट्यूब न्या. काटा दिसला म्हणून लगेच उपटायचाही नाही, कॉम्प्रेसर आणि किट बाहेर काढून झालं की मगच, कधीकधी त्या काट्यानेच हवा अडवलेली असते. तोडून बाजूला टाकलेल्या झाडोऱ्यावरून गाडी नेऊ नका, तळ ठोकायच्या जागी आधी बूट घालून फिरून काटे वेचा, मग गाडी आणा, मग तंबू.

या सगळ्याची प्रॅक्टिस घरीच करा. अलिबाग-काशिदच्या किनाऱ्यावर नको, तिथे गाडी नेऊ देत नाहीत आणि भरतीत बुडालेल्या गाड्यांचे व्हिडिओ दरवर्षी येतातच. मुरबाड-शहापूरकडे ओळखीत कुणाचं शेत असेल तर विचारून एक रविवार तिथे घालवा, हवा उतरवा, भरा, स्टेपनी बदला, दोर लावून ओढून बघा. तंबू सोसायटीच्या टेरेसवर लावून बघा, सेक्रेटरी काका काय म्हणतील ते म्हणोत, अंधारात टॉर्च तोंडात धरून लावता आला पाहिजे.

निघताना पहाटे तीन-साडेतीनला निघा. घोडबंदर रोडला गायमुखचा घाट एकदा जॅम झाला की तुमचा पहिला दिवस तिथेच संपला. नवी मुंबईकरांनी ऐरोलीवरून ठाण्यात येऊन पुढे तेच. मग मनोर, तलासरी, वापी, सुरत, भरूच, बडोदा, अहमदाबादला बाहेरून, विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद, माळिया आणि सूरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ. भूजपर्यंत साधारण साडेआठशे किलोमीटर. बडोद्याला किंवा अहमदाबादच्या बाहेर मुक्काम करा, दमलेल्या ड्रायव्हरला घेऊन सामखियाळीच्या ट्रकांच्या गर्दीत रात्री शिरू नका. पेट्रोल गुजरातेत आपल्यापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून टाकी तलासरीच्या पुढे भरा. आणि स्पष्टच सांगते, दारू गाडीत ठेवू नका, गुजरातेत बंदी आहे, दमण वाटेवर आहे म्हणून घेऊन जाऊ असं काही करू नका, गाडी जप्त झाली तर पूर्ण ग्रुपची ट्रिप तिथेच संपते.

बॉर्डरचा जिल्हा आहे हे विसरू नका. सगळ्यांची आधार कार्डं, गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी हाताशी. सॅटेलाइट फोन भारतात परवान्याशिवाय बेकायदेशीर आहे, परदेशातून कुणी सॅटेलाइट मेसेंजर आणून दिला असेल तो पण घरी ठेवा, ड्रोनही घरीच. खावड्याच्या पुढे इंडिया ब्रिजकडे बीएसएफ अडवतं, तिथे वाद घालायचा नाही, फोटो काढायचा नाही, वळायचं. छतावरचा मोठा लाइट बार रात्री रणाच्या दिशेला लावून बसू नका. ज्या गावाजवळ मुक्काम आहे तिथे सरपंचाला किंवा चहाच्या टपरीवर सांगून ठेवा की अमुक गाड्या, इतकी माणसं, इथे थांबणार, पोलिसांची गाडी आली तर त्यांना आधीच माहीत असतं.

आता कुठे जायचं. मला आवडतो तो रस्ता असा. भूजहून उत्तरेला, कर्कवृत्त ओलांडून भिरंडियारा, तिथे म्हशीच्या दुधाचा मावा खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही, बन्नीच्या म्हशीचा आहे तो. मग खावडा, काळा डुंगर, कच्छमधली सगळ्यात उंच जागा, ४६२ मीटर, वर दत्ताचं देऊळ, तिथे कोल्ह्यांना प्रसाद घालायची जुनी पद्धत आहे. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून नाही. तिथून खडीर बेटावर जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना रण, जवळजवळ तीस किलोमीटर. रस्ता पूर्ण डांबरी आहे, पण रीलसाठी गाडी खाली रणात उतरवतात लोक, ते करायचं नाही, अभयारण्य आहे आणि कडेचा उतार संपतो तिथेच गाळ सुरू होतो. पलीकडे धोळावीरा, २०२१ पासून जागतिक वारसा, पाणी साठवायची पाच हजार वर्षांपूर्वीची डोकी बघायची असतील तर अर्धा दिवस द्या. जवळच ज्युरासिक काळातले दगड झालेले लाकडाचे ओंडके आहेत, एकही तुकडा खिशात टाकू नका.

परत येऊन बन्नीतून पश्चिमेला छारी ढंढ, हिवाळ्यात करकोच्यांचे थवेच्या थवे उतरतात. ठाणे खाडीत, ऐरोली-नेरूळला आपण जे फ्लेमिंगो बघतो त्यांची वीण मोठ्या रणात होते, चिखलाची बुटकी घरटी बांधतात, त्या बाजूला कुणी "न्यायला तयार आहे" म्हणाला तरी जायचं नाही, घरट्यांवरून एकदा माणसं फिरली की पक्षी जागा सोडतात. पुढे नखत्राणा, माता नो मढ आणि लखपत. लखपतचा सात किलोमीटरचा तट चालत फिरा. सिंधूच्या फाट्यावरचं चालतं बंदर होतं ते, १८१९ च्या भूकंपात जमीन वर उचलली गेली, पाणी फिरलं आणि शहर रिकामं झालं. तिथल्या गुरुद्वारात लंगर आहे, जेवा, भांडी घासा, दानपेटीत टाका. मग नारायण सरोवर, कोटेश्वर आणि खाली पिंगळेश्वरचा किनारा, शेवटी मांडवी.

पेट्रोलचं गणित : भूज, नखत्राणा, रापर यातलं कुठलंही गाव लागलं की टाकी फुल, गरज असो नसो. जिमनीची टाकी ४० लिटरचीच आहे आणि फोर लोमध्ये ॲव्हरेज धड राहत नाही. अर्ध्यावर काटा आला की परत फिरायचं, हा नियम ठेवा.

किनाऱ्याबद्दल एक महत्त्वाचं. पांढरं रण बघायला सगळे पौर्णिमा धरून जातात आणि तीन-चार दिवसांत समुद्राकडे येतात, म्हणजे नेमकी उधाणाची भरती. आखाताच्या आतल्या टोकाला कांडल्याकडे भरती-ओहोटीतला फरक ६ मीटरच्या आसपास जातो, सपाट चिखलावर पाणी चालत नाही, धावत येतं. त्यामुळे आखाताच्या बाजूचा चिखलाटी किनारा गाडीसाठी बंदच समजा. मांडवीच्या पश्चिमेला वाळू आहे, तिथे सुद्धा भरतीची रेघ, म्हणजे वाळलेलं शेवाळ आणि काटक्यांची ओळ, तिच्या बरीच वर गाडी आणि तंबू ठेवा. तिथल्या मच्छीमारांना वेळ विचारा, ते तिथीवरून लगेच सांगतील.

तंबू नदीपात्रात नको, रणाच्या सपाटीवर नको, गावापासून हाकेच्या अंतरावर जरा उंचवट्यावर बरा. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या कडक जमिनीत वाकतात आणि वाळूत निघून येतात, फूटभर लोखंडी सळईच्या खुंट्या करून घ्या आणि वाळूसाठी रिकामी पोती न्या, भरून पुरायची, त्याला दोरी बांधायची. गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावा. थंडी हलक्यात घेऊ नका, नलियाचं तापमान गुजरातेत बऱ्याचदा सगळ्यात कमी असतं, रात्री दहाच्या खूप खाली जातं, आपलं ठाण्याचं स्वेटर पुरत नाही. आणि समुद्राकडच्या पट्ट्यात दव इतकं पडतं की कोठाऱ्याकडे दवाचं पाणी गोळा करायचे प्रयोग झालेत, सकाळी तंबूचं कव्हर पिळून निघतं, ते वाळवूनच घडी घाला.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, पिणं आणि स्वयंपाक धरून, आणि वर दोन दिवसांचं जास्त. वीस-वीस लिटरचे कॅन, एकच मोठा नको, फुटला तर सगळं गेलं. गावातला गुरांचा हौद हा गुरांचाच, तिथे भांडी, हात, गाडी काही धुवायचं नाही, ते पाणी त्यांनी किती लांबून आणलेलं असतं ते एकदा बघा. जेवायला भाजणी, पिठलं, मेतकूट-भात, सुकी चटणी, छोटा गॅस. बन्नीत सुक्या गवतात शेकोटी नकोच, एक ठिणगी उडाली तर मालधारींचा वर्षाचा चारा जातो. गावात बाजरीचा रोटला आणि छास मिळाली तर गॅस पेटवूच नका.

फुरसं कच्छमध्ये भरपूर आहे आणि ते लहान असतं, मातीच्या रंगाचं, दिसत नाही. रात्री बूट आणि टॉर्चशिवाय पाऊल नाही, सकाळी बूट झटकून घालायचे कारण विंचूही असतात, तंबूची चेन कायम बंद. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही, पाय हलू न देता गाडीत आडवं करून सरळ हॉस्पिटल, भूजचं जी. के. जनरल हॉस्पिटल मोठं आहे. म्हणून रोज मुक्कामाला पोचलं की भूज किती तास लांब आहे ते ग्रुपमधल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

शौचासाठी वीत-दीड वीत खड्डा, पाण्यापासून लांब, कागद पिशवीत घालून परत. प्लास्टिक सगळं गाडीतून परत न्यायचं, रणाच्या मिठात काहीही कुजत नाही.

गाव लागलं की गाडी हळू, काच खाली, रामराम किंवा सलाम, आणि वाट विचारा, जरी मॅपवर दिसत असली तरी. बायकांचे फोटो न विचारता काढू नका. रुतलेली गाडी शेवटी गावचा ट्रॅक्टरच काढतो, भाईंना आधी पैसे विचारून घ्या आणि घासाघीस करू नका, त्यांनी शेतातलं काम सोडलेलं असतं.

परतीच्या दिवशी भूजमध्येच सर्व्हिस सेंटर गाठून गाडी खालून धुवून घ्या, नुसती वरून नाही. रॅम्पवर चढवून चासी, व्हील आर्चच्या आतली बाजू, सायलेन्सरच्या वरचा भाग, स्टेपनीची जागा, जोरदार पाण्याने, गाळाचा रंग जाईपर्यंत. मीठ ठाण्यापर्यंत तसंच आलं तर आपल्या दमट हवेत ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो. घरी आल्यावर आठवड्याच्या आत एअर फिल्टर झटका, ब्रेक उघडून साफ करून घ्या, बेअरिंगचा आवाज येतोय का बघा, आणि शॅकल-दोर गोड्या पाण्यात बुडवून, सावलीत वाळवून मगच माळ्यावर टाका.